कॅनॉलचं पाणी, अव्वाचं ताट

७ एप्रिल, सोमवार

आज राणीसावरगावचा बस्ता होता. दोन जीप भरून माणसं आली. नवरीला साडी पसंत पडायला सकाळ गेली आणि तिच्या मावशीला ती नापसंत करायला एक नजर पुरली. पुन्हा पहिल्यापासून सगळं. परभणीत कापडाचं दुकान चालवायचं म्हणजे लग्नसराईत दिवसभर गादीवर मांडी घालून घड्या मोडायच्या आणि हसायचं. कंबर गेली, गुडघे गेले, तोंड तेवढं चालू. घ्या की ताई, तुमच्या रंगाला उठून दिसती.

त्यातच बन्सीधरचा फोन. बन्सी माझा शाळेपासूनचा दोस्त. आमच्या पिंगळीत कॅनॉलला लागून त्याची केळी आहे. म्हणाला, "बसू, पाणी आलंय. आवंदा लय जोरात सोडलंय. पुलाखाली उठायलंय बघ."

हे ऐकलं आणि हातातली पैठणी हातातच राहिली. पुलाच्या जरा पुढं कॅनॉल एक पायरी उतरतो. पाणी कमी असलं तर नुसतं पडतं. जोर असला तर पडून परत वर येतं आणि तिथंच उभं राहतं, पुढंही जात नाही आणि बसतही नाही. पोरं होतो तेव्हा आम्ही पुलाच्या कठड्याला नाडा बांधायचो, मोटेचा जाड दोर, आणि वडलांच्या दुकानाच्या दाराची एक फळी पायाखाली घेऊन, नाडा धरून, त्या उठलेल्या पाण्यावर उभं राहायचो. फळी खेळणं म्हणायचो त्याला. मग लग्न झालं, वडील गेले, परभणीत दुकान टाकलं. फळी कधी सुटली ते आठवत पण नाही.

"लेका, पोट बघितलंस का माझं?" मी म्हणालो.

"पाण्यात पोटाला वजन नसतंय," बन्सी म्हणाला.

गेलो नाही. मावशीबाईंनी शेवटी पहिलीच साडी घेतली.

९ एप्रिल

आमच्या घराचा पुढचा भाग म्हणजे वडलांचं जुनं दुकान. तेव्हा शटर नव्हतं. दाराला सागवानी फळ्या होत्या, खाचेत एकेक सरकवायची, चुकू नये म्हणून वर आकडे रंगवलेले. त्या अजून धान्याच्या खोलीत उभ्या आहेत. आज सकाळी उगाच जाऊन बघितल्या. चार नंबरची बाहेर काढली. कडा अजून गुळगुळीत आहेत.

महानंदा दारात येऊन उभी राहिली. "आता ह्याचं काय करायलाव?"

"वाळवी लागली का बघायलोय."

"वाळवी बघायला हाफ चड्डी कशाला घातली?"

बायकोपुढं माणसानं खोटं बोलूच नये, फजूल मेहनत आहे. पँट चढवली आणि दुकानात गेलो.

११ एप्रिल, शुक्रवार

गेलो.

दुकानाच्या आधी, सकाळीच. बन्सीनं नाडा बांधून ठेवला होता, म्हणजे लेकाला खात्री होती. पाण्यात उतरलो तर आधी नुसती थंडी आणि लाज. पुलावर एक दूधवाला गाडी थांबवून बघायला लागला, कापडवाले शेठ पाण्यात. फळीवर पोटावर पडलो, नाडा धरला आणि पाण्यानं मला पायरीवरून खाली ओढलं. उलटलो. पुन्हा उलटलो. नाकात पाणी, कानात पाणी, बन्सी हसून हसून कठड्याला लटकलेला. मग कधीतरी फळी त्या उठलेल्या पाण्यावर नीट बसली. एक गुडघा टेकला. दुसरा टेकला. आणि कसं कोण जाणे, उभा राहिलो.

खालून सगळं पाणी पळायलंय आणि मी जागेवर. काठावरची बाभळ जागेवर, बन्सी जागेवर. तळव्याला फळी थरथरते तेवढीच. कोणी म्हणत नाही अजून दाखवा. पाठ दुखत नाही. दुकान नाही, लेक शिवानीचं नांदेडचं कॉलेज नाही, बीपीची गोळी नाही. मी ओरडलो, काय ओरडलो ते माहीत नाही. इतकं बरं मला मागच्या कित्येक वर्षांत वाटलेलं नाही. हे लिहिताना पण छाती भरून येते.

एक अडचण आहे, गळ्यातल्या इष्टलिंगाची. फळीवर पोटावर पडलं की चांदीची डबी बरोबर छातीच्या हाडात रुतते. लहानपणी आम्ही लिंगायतांची पोरं ती फिरवून पाठीवर घ्यायचो. लिंग अंगावेगळं करायचं नाही एवढाच नियम, आणि पाठ म्हणजे अंगच की. आजही तसंच केलं. परभणीला पोचलो तेव्हा केस ओले होते. पहिल्या गिऱ्हाइकानं विचारलं, शेठ, घरी लग्न आहे का, लय खुशीत दिसता.

१३ एप्रिल, रविवार

लिंग गेलं. लिहायला हात होत नाही.

पाठीवरच घेतलं होतं. उभा होतो, तोल गेला, पडलो, पाण्यानं दोन-चार कोलांट्या दिल्या, नाडा पाठीवरून घासत गेला. हसतच वर आलो. काठावर अंग पुसलं आणि सवयीनं लिंग डोळ्याला लावायला हात गळ्याशी नेला तर तिथं काही नाही. पाठीवर हात घातला. काही नाही. चड्डीत बघितलं, टॉवेल झटकला, गवत चाचपलं. बन्सीनं विचारलं काय हरवलं. मी पुन्हा गवतात हात घातला. 

सव्वा महिन्याचा असताना स्वामींनी ते माझ्या गळ्यात बांधलं. डबी बदलली, दोरा कितीदा बदलला, आतलं लिंग तेच. त्याला तळहातावर घेऊन पाणी घातल्याशिवाय आमच्या घरात कोणी घास घेत नाही. मी काही मोठा भाविक नाही. घाईघाईत करतो, कधी कधी मोबाईल बघत करतो. पण नाही असा एक दिवस नाही. वडलांना मातीत बसवलं तेव्हा त्यांचं लिंग त्यांच्या डाव्या हातात होतं. माझी आई, अव्वा, म्हणते, लिंग आणि जीव एकदमच जायला पाहिजे, मागंपुढं नाही.

अव्वाला मागच्या साली झटका येऊन गेला. डॉक्टर म्हणाले होते, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. आता हे कसं सांगू? सांगितलं आणि तिला काही झालं तर? मी फळी खेळायला गेलो आणि आई घालवून बसलो, असं होईल. नाही सांगत. सापडेल. सापडलंच पाहिजे.

१४ एप्रिल

देवघराचं दार लावून घेतलं. तळहात रिकामा. रिकाम्या तळहातावर पाणी घातलं, विभूती लावली, बेलपान ठेवलं, रोज जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बसलो. स्वतःचीच किळस आली. मग बाहेर येऊन अव्वाच्या पाया पडलो. सदऱ्याची वरची गुंडी लावून घेतली होती. अव्वानं डोक्यावर हात ठेवला, मानेवरून बोटं फिरवली, जरा थांबली आणि म्हणाली, "केस लय वाढलेत तुझे. कापून घे."

केस परवाच कापलेत. तिला आता नीट दिसत नाही बिचारीला. सुटलो म्हणायचं.

मी जेवलो. अव्वा म्हणाली तिला भूक नाही, उन्हानं पोट फुगलंय.

१६ एप्रिल, बुधवार

बन्सीला सांगितलं. आम्ही दोघांनी बुड्या मारल्या. तळाला गाळ, चपला, काचा, नारळ. पाण्याला इतका जोर की हात टेकायच्या आत माणूस पुढं गेलेला असतो. बन्सी धापा टाकत म्हणाला, "बसू, पाणी बंद झाल्याबिगर काय बी हाताला लागत न्हाई. पाण्याची ही पाळी संपू दे."

पाळी कधी संपणार? कोणी म्हणतं महिनाअखेर, कोणी म्हणतं पुढं पण चालेल. पैठणला धरणावर कोणीतरी दार खाली करणार, मग इथलं पाणी उतरणार. त्याला काय माहीत पिंगळीत एक कापडवाला वाट बघायलाय. मी नुसता काठावर बसून पाण्याकडं बघत राहिलो.

आणि मग, खरं ते लिहितो. फळी तिथंच पडलेली होती. बन्सी म्हणाला, आलाच आहेस तर. मी म्हणालो, एकदाच. उन्हं चढेपर्यंत खेळलो. लाज वाटायला पाहिजे होती. वाटली, पण बाहेर आल्यावर.

१८ एप्रिल

अव्वा काही खाईना. नुसता चहा आणि घोटभर दूध. महानंदानं शेवया केल्या, हात लावला नाही. ज्वारीची आंबील केली, वाटी तशीच. दाढ दुखते का विचारलं, नाही. पोट साफ नाही का, तेही नाही. परभणीला डॉक्टरकडं नेलं. रक्त तपासलं, फोटो काढला, सगळं ठीक निघालं. ते म्हणाले, वय झालं की भूक मरते. एक टॉनिक दिलं. गाडीत अव्वा खिडकीतून बाहेर बघत होती. "कॅनॉलला पाणी हाय वाटतं," एवढंच बोलली. मी म्हणालो, असंल, मला काय माहीत.

दुकानात आज पाय ठेवायला जागा नव्हती. अक्षय तृतीया जवळ आली.

२१ एप्रिल, सोमवार

रोज सकाळी बुड्या मारायला म्हणून जातो. दोन-तीन मारतो पण. चार बोटं गाळ, हाताला काही लागत नाही. मग फळी. आज नाडा एकाच हातात धरून उभा राहिलो, दुसरा हात मोकळा सोडला. बन्सीनं शिट्टी मारली. मी तसाच उभा, ऊन पाठीवर, पाणी पायाखालून धावतंय, आणि मनात आलं की लिंग नाही सापडलं तर नाही सापडलं, हे मात्र पुन्हा सुटायला नको. असं मनात आलं ह्याचीच भीती वाटली. ताबडतोब बाहेर आलो. ताबडतोब म्हणजे आणखी थोडं खेळून.

दिवसभर दुकानात हसतो, ते आता खोटं नसतं. मागच्या लग्नसराईत ह्याच दिवसांत मी जिन्यात बसून रडलो होतो, नुसत्या थकव्यानं. आवंदा सगळं तेच आहे, तेवढीच गर्दी, तेवढेच पाय दुखतात, पण सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत अंगात राहतं. हे कोणाला सांगू? सांगण्यासारखं राहिलंच नाही काही.

अव्वाचा आवाज बारीक झालाय. संध्याकाळी तिनं मला जवळ बसवून घेतलं.

"सकाळी कुठं गेल्तास?"

"मोंढ्यात काम होतं."

"बरं." मग म्हणाली, "मला काय सांगायचं हाय का तुला, बसवा?"

"न्हाई. काय सांगायचंय?"

"बरं," म्हणाली आणि कूस बदलली.

म्हाताऱ्या माणसाला वाटतं मुलानं जवळ बसून चार गोष्टी कराव्यात. माझ्याकडं वेळच नाही. लग्नसराई संपली की बसेन तिच्याजवळ रोज.

२३ एप्रिल

महानंदाशी वाजलं. मी म्हणालो, तू अव्वाला नीट करून घालत नाहीस, तिखट टाकतेस. ती भांडी आदळत राहिली. मग एकदम वळून म्हणाली, "तुमी तुमची पूजा नीट करा. मनापासून करा. मग त्यांना बी घास उतरंल."

"माझ्या पूजेचा आणि तिच्या पोटाचा काय संबंध?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "मी कोण सांगणारी. माझ्या गळ्याला शपथ हाय."

कसली शपथ विचारलं तर पदरानं डोळे पुसायला लागली. बायकांचं काही कळत नाही बाबा. घरात दोघी, दोघींची तोंडं बंद. माणसानं बेजार व्हावं तरी किती.

२६ एप्रिल, शनिवार

अव्वा पडली. न्हाणीतून येताना भिंत धरली आणि खाली बसली ती उठेचना. मी कॅनॉलवरून नुकताच आलो होतो, अंगावर ओला टॉवेल. तसाच धावलो, उचललं. कापडाच्या गठ्ठ्याएवढं पण वजन नव्हतं. माझ्या हातात माझी आई आणि हाताला काही लागतच नाही, नुसती साडी.

परभणीला दवाखान्यात आहोत. सलाईन लावलंय. डॉक्टर माझ्यावरच उखडले, ह्यांच्या पोटात अन्नच नाही, तुम्ही घरात काय करता? मी काय सांगणार. मी हात जोडले. डॉक्टर, काहीही करा, म्हणालो. ते म्हणाले, करायचं काही नाही, त्यांनी जेवलं पाहिजे.

२७ एप्रिल, रविवार

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी मुगाची खिचडी घेऊन गेलो. अव्वाला टेकून बसवलं. चमचा तोंडाशी नेला, तिनं ओठ मिटून घेतले. मी समजावलं, विनवण्या केल्या, लहान पोराला म्हणतात तसं हा घास काऊचा म्हणालो. ओठ मिटलेलेच. मग माझा ताबा सुटला. सगळ्या वॉर्डासमोर ओरडलो, "मरायचं हाय का तुला? कामून छळायलीस आमाला? काय पाहिजे तुला, बोल तरी."

 महानंदानं माझा दंड धरून मला बाहेर व्हरांड्यात नेलं.  म्हणाली, "मोडते मी शपथ. मला काय व्हायचं ते होऊ दे. तुमच्या गळ्यात लिंग न्हाई हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलंय. तुमी पाया पडलाव, मानेला दोरा न्हाई. त्याच दिवसापासून त्यांनी अन्न सोडलंय. घरात पोराच्या अंगावर लिंग न्हाई आणि मी जेवू का, म्हणल्या. तुमी आपणहून सांगंस्तोवर बोलायचं न्हाई अशी मला शपथ घातली."

 पहिल्या दिवसापासून. म्हणजे मी रिकाम्या हातावर पाणी ओतत होतो ते तिला माहीत होतं. मी भरल्या ताटावर बसत होतो आणि ती बघत होती. मी एका हातानं नाडा धरून उभा राहिलो, बन्सीनं शिट्टी मारली, तेव्हा ती घरात उपाशी होती. मी खुशीत दुकानात जात होतो आणि माझी आई वाळत चालली होती, आणि मी तिला टॉनिक पाजत होतो.

आत गेलो. तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. पाठीवर घेतलं होतं ते. खोटी पूजा. बुडी मारायला म्हणून जाऊन फळी खेळत होतो ते पण. काहीच ठेवलं नाही.

"ठाव हाय," अव्वा म्हणाली. "तुझी ओली चड्डी रोज दोरीवर दिसायची."

"मग तू विचारायचंस की गं मला. एकदा तरी सरळ विचारायचंस."

"विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास," ती म्हणाली. "मग त्या खोट्याचं मी काय केलं असतं?"

 खिचडी थंड झाली होती. म्हणालो, आता तरी खा. ती म्हणाली, "आता नुसतं सांगितलंस. आधी गळ्यात येऊ दे."

२९ एप्रिल

पाणी उतरलं. काल संध्याकाळीच बन्सीचा फोन आला होता. आज तो आणि मी दिवसभर चिखलात होतो. पायरीपासून खालच्या पुलापर्यंत हातानं गाळ उपसला. चपला, घागर, कोणाच्या तरी गाडीची नंबर पाटी. लिंग नाही. कुठल्या कुठं गेलं असेल. संध्याकाळी बन्सी चिखलातच उभा राहून म्हणाला, "माझ्यामुळं झालं बसू. मी फोन करायला नको होता." मी म्हणालो, तसं काही नाही. पण दोघांनाही एकमेकांकडं बघवत नव्हतं.

३० एप्रिल

आज बसवेश्वर जयंती. अव्वाला काल रात्री घरी आणलं. सकाळी स्वामी आले. मला न्हाऊन ओल्यानं बसवलं, प्रायश्चित्ताचं जे करायचं ते केलं आणि नवं लिंग माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. काळं, गार, सुपारीएवढं. डोळ्यांत पाणी आलं ते भक्तीचं होतं का सुटकेचं ते माहीत नाही. अव्वा भिंतीला टेकून बघत होती. महानंदानं तिच्यासमोर ताट मांडून ठेवलं होतं.

स्वामी म्हणाले, "आता लिंगावर हात ठेव आणि म्हण, पुन्हा त्या पाण्यात उतरणार नाही."

एवढंच म्हणायचं होतं. पाणी बंद, कॅनॉल कोरडा, आई समोर उपाशी बसलेली. दुसरा कोणीही चटकन म्हणाला असता. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. पायाखाली फळी थरथरते ते आठवलं. देवाशपथ, नेमकं तेव्हाच आठवलं. खोटं बोलून आईला इथपर्यंत आणलं, आता हातात नवं लिंग घेऊन पुन्हा खोटं बोलू? आणि खरं बोलू तर कोणत्या तोंडानं?  सगळे वाट बघायलेत.

"ऱ्हाऊ द्या स्वामी," अव्वा भिंतीपासून म्हणाली. "ते नका म्हणवू त्याला. ते त्याच्यानं व्हायचं न्हाई."

स्वामींना पटलं नाही, पण त्यांनी दोरा बांधला. मी पूजा केली, खरी. मग अव्वानं भाताचा पहिला घास घेतला. चावताना तिची कानशिलं हलत होती तेवढी दिसत होती. मी मान खाली घालून बसलो.

१७ मे

कॅनॉलला पुढची पाळी सुटली. बन्सीनं फोन केला नाही, मला दुकानात एका गिऱ्हाइकाकडून कळलं. साडी उलगडून दाखवत होतो, उलगडतच राहिलो. बाई म्हणाल्या, अहो, बास.

जाणार नाही. ठरवलंय.

२० मे, मंगळवार

गेलो नाही. तीन दिवस झाले, पुलावरून न जाता लांबच्या रस्त्यानं दुकानात जातो. कोणाला काही बोललो नाही. पण महानंदावर ओरडलो, दुकानातल्या माणसावर ओरडलो, एका गिऱ्हाइकाला म्हणालो, घ्यायची असली तर घ्या. पुन्हा पाठ दुखायला लागली.

संध्याकाळी अव्वा बाजेवर बसून काहीतरी शिवत होती. सुईत दोरा ओवून दे म्हणाली. बघितलं तर माझं बनियन. छातीपाशी आतून खिसा लावायलीय, वर झाकण, झाकणाला दोन गुंड्या.

"हे कशाला?"

"लिंग त्यात ठेव आणि गुंड्या लाव. मग पाठीवर घ्यायचं काम न्हाई." सुई तोंडात धरून बोलत होती. "पाणी सुटलंय म्हणं. जा की."

"मी न्हाई जात अव्वा."

"तोंड बघ आरशात. चार दिवस झाले भुतासारखा फिरायलास. जा म्हणते तर जा."

"आणि तू?"

"मी थांबते."

"थांबते म्हणजे? तू जेवून घ्यायचं. वेळेवर."

"ते व्हायचं न्हाई बसवा," ती म्हणाली, रागानं नाही, आपलं पाऊस येईल म्हणावं तसं. "तू पाण्यात असलास की मला घास उतरत न्हाई. मी बी लय करून बघितलं. त्याला काय इलाज हाय? तू जा."

२५ मे, रविवार

गेलो. बनियन घातलं, दोन्ही गुंड्या लावल्या, वरून हात फिरवून बघितलं. तासाभरात येतो म्हणून महानंदाला सांगितलं. बन्सीनं मला बघून गुपचूप नाडा आणून बांधला. उभा राहिलो. सुरुवातीला डोळ्यांपुढं नुसतं तिचं ताट. उतरून परत जावं म्हणत होतो. मग पाण्यानं फळी धरली, आणि ताट गेलं. कधी गेलं ते पण कळलं नाही. पडलो, पुन्हा उभा राहिलो, पुन्हा पडलो. केळीत सावल्या आखूड झाल्या तेव्हा बन्सी म्हणाला, "बसू, घरी जायचं न्हाई का?" दुपार झाली होती.

गाडी कशी चालवली मला माहीत नाही. सगळ्या वाटेनं स्वतःला शिव्या दिल्या. घरात शिरलो तर अव्वा स्वयंपाकघरात पाटावर बसलेली, समोर ताट, ताटावर फडकं, फडक्यावरच्या माशा हातानं वारायली. ओठ सुकलेले. महानंदा माझ्याकडं बघायला तयार नाही. मी ओल्या अंगानं तसाच अव्वापुढं बसलो, गुंड्या काढल्या, लिंग बाहेर काढून दाखवलं. तिनं त्याला हात लावला आणि तो हात डोळ्यांना लावला.

पूजा केली. महानंदानं माझं ताट वाढलं. आम्ही मायलेक जेवलो. भाकरी वाळली होती, अव्वा आमटीत बुडवून हळूहळू खात होती. मला रडू आलं. मला हे सोडता येत नाही आणि तिला थांबणं सोडता येत नाही, आणि ती अशी किती दिवस थांबू शकणार आहे? तिनं बघितलं, पण रडू नको म्हणाली नाही.

"पाणी थंड होतं का?" तिनं विचारलं.

"होतं."

"उभा ऱ्हाईलास?"

"ऱ्हाईलो."

"बरं झालं," म्हणाली आणि पुन्हा भाकरी बुडवली.

मी मनाशी पक्कं केलं. अव्वा, आज शेवटचं, आता कधी जाणार नाही, असं म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि भिंत धरून उठता उठता म्हणाली, "उद्या जरा लौकर ये. मला भूक लागती."